उपयोगाचा रकाना

धुराचा, जुन्या तुपाचा आणि पावसात भिजून उन्हात वाळलेल्या बकरीच्या केसांचा, असे तीन वास कुणाला उभ्या-आडव्या धाग्यांसारखे एकमेकांत विणता आले, तर जो वास तयार होईल तो एका भाद्रपदात आमच्या इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या बिऱ्हाडात शिरला. दोन हमालांनी पत्र्याचा पेटारा जिना चढवून आणला. आत्याने तो देवघरापासून लांब, खिडकीखाली ठेवायला लावला. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुलूप काढून झाकण उचलले तेव्हा आधी तो वास बाहेर आला, पिशव्या मागाहून. आई नंदूला मांडीवर घेऊन बसली होती. तिने पदर ओढून त्याचे नाक झाकले. नंदू पाच महिन्यांचा होता आणि मी अकरा वर्षांची. आम्हां दोघांच्या मधली दोघे राहिली नव्हती. त्यामुळे आमच्या घरात नंदूला शिंक आली तरी सगळे हातातले काम थांबवून त्याच्याकडे बघत.

आमचे घराणे तीन पिढ्या दरबारच्या जामदारखान्यात होते. पोशाख, गालिचे आणि नजराण्यात आलेल्या चित्रविचित्र वस्तू तिथे जपून ठेवीत. संस्थान गेले, मध्यभारत आले, आणि नाना त्याच खोलीत, त्याच गादीवर नव्या सरकारचे कारकून झाले. हे सरकार वर्षातले काही महिने इंदुरात आणि काही ग्वाल्हेरात राहत असे. दसरा उलटला की दफ्तरे खोक्यांत भरून ग्वाल्हेरला निघत, आणि त्याआधी जुन्या वस्तूंची यादी पुरी व्हायची होती. यादीला रकाने होते: वस्तू, संख्या, कशाची, कुठून आली, उपयोग. भिलांच्या मुलखातून कोण्या काळी आलेल्या अकरा विणलेल्या पिशव्यांपुढे नानांनी आपल्या सुरेख अक्षरात अकरा वेळा ‘अज्ञात’ लिहिले होते. ग्वाल्हेरकडच्या साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढून यादी परत पाठवली. सरकारात अज्ञात असे काही नसते, असे ते म्हणाले म्हणे. हे सांगताना नाना हसले, पण त्या हसण्यात त्यांचे दात दिसले नाहीत. जामदारखान्याची खोली दुसऱ्या खात्याला हवी होती, म्हणून ज्याच्या वस्तूंच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या होत्या त्याने त्या वस्तू पावतीवर सही करून घरी न्याव्यात, असे ठरले. अशा त्या न उलगडलेल्या पिशव्या आमच्याकडे राहायला आल्या.

त्या पिशव्या मी आज डोळे मिटून हाताने ओळखीन. काळा, खैरासारखा तांबूस आणि मळक्या दुधासारखा पांढरा, एवढे तीनच रंग. खांद्यावर घ्यायचा पट्टा वेगळा शिवलेला नव्हता, पिशवीतूनच तो वेल निघावा तसा विणीतून निघाला होता. काठाला कवड्या. आणि सगळ्यांत नवल म्हणजे नक्षी आतून होती. बाहेरून पाहिले तर जाड, साधे, काळपट कापड, आणि तोंड उलटून पाहिले तर आत रांगेने घोडे, फण्या, झाडे, आणि मध्ये हात पसरून उभी असलेली लहान लहान माणसे. जी वस्तू कुणाला दाखवायची असते तिची शोभा बाहेर असते. ही शोभा कुणासाठी होती? नानांनी एकेक करून सगळे करून पाहिले. धान्य भरले तर तळाचा कोपरा रिकामा राही. नारळ टाकला तो अडकून बसला. छत्री घातली तर ती अर्धी बाहेर. आत्या देवाच्या वाती वळता वळता हे बघत होती. “नाना, आपली टोपी घालून बघा,” ती म्हणाली, “और कुछ नहीं तो निदान एक रकाना तर भरेल.” आत्या नानांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन ती आमच्याकडे आली, आणि तिची मराठी अर्धी शेजारणींच्या हिंदीत भिजलेली होती.

घरात त्या दिवसांत भुट्ट्याच्या किसाचा वास असे, आणि दर रविवारी बाफल्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. मागच्या स्टेशनावरून शंटिंगचे आवाज येत. डबा डब्याला लागला की फडताळातली भांडी हलकेच एकमेकींना काही सांगत. समोर कुणा शेठजींचे घर बांधले जात होते, आणि तिथल्या चुना मळायच्या घाण्याचा करकर आवाज दिवसभर चाले. तिथे काम करणाऱ्या बायांत थावरी नावाची एक भिलीण होती. थावर म्हणजे शनिवार. शनिवारी जन्मली म्हणून थावरी. आत्याला ते नाव आवडत नसे. थावरीची लहान मुलगी लिंबाखाली झोळीत असे, आणि काम करताना कधी पाठीवर. गॅलरीच्या कठड्याला हनुवटी टेकून मी तासन् तास तिच्याकडे पाहत असे. तिच्या चालण्यात मूल उचललेल्या बाईचा जडपणा नव्हता. मूल जणू तिच्या अंगातच कुठेतरी होते.

मी जे केले ते तिच्याकडे पाहून केले. पेटारा आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दुपारी आई न्हात होती, आत्या खाली गेली होती आणि नंदू पाळण्यात रडत होता. अंगाई झाली, खुळखुळा झाला. पिशव्या ऊन लागावे म्हणून गॅलरीतल्या दोरीवर टांगलेल्या होत्या. त्यांतली एक मी काढली, पट्टा मानेतून आडवा घेतला आणि नंदूला उचलून तिच्यात सोडले. तो आत उभा-बसता असा राहिला, गुडघे पोटाशी, डोके माझ्या छातीशी. नारळाला न जमलेली ती जागा त्याला कशी नेमकी बसली, हे मला तेव्हा जाणवले नाही; एवढेच जाणवले, की तो एकदम गप्प झाला. तो आतल्या घोड्यांकडे पाहत होता. मी गॅलरीत दहा-बारा फेऱ्या मारल्या आणि त्याच्या गालाची ऊब माझ्या पोलक्यातून आत येत राहिली. आईच्या बांगड्यांचा आवाज आला तसे मी त्याला पाळण्यात ठेवले आणि पिशवी दोरीवर. कुणाला काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही घडले आहे असे वाटलेच नव्हते.

दोन दिवसांनी नाना एक पिशवी घेऊन खाली उतरले आणि रस्ता ओलांडून थावरीपाशी गेले. ज्यांची वस्तू आहे त्यांनाच विचारावे, एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, असे ते जाताना आईला म्हणाले. मी वरून पाहत होते. नानांनी टोपी सारखी केली आणि आपल्या दफ्तरी हिंदीत, मान देऊन विचारले, “बाई, इसमें क्या रखते हैं?” थावरीने हात लुगड्याला पुसले, पिशवी घेतली आणि बाहेरून न पाहता तिने तोंड उलटून आतच पाहिले. तिचा चेहरा बदलला. आतल्या माणसांवरून तिने बोट फिरवले. मग तिने पिशवी नानांच्या हातांत परत दिली, त्यांची बोटे आपल्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या हातांनी तिच्यावर दाबली आणि म्हणाली, “राख.” नाना तसेच उभे राहिले. तिने पुन्हा, हळू, म्हटले, “राख.” तेवढ्यात मिस्त्रीने हाक मारली आणि ती घमेले घेऊन गेली.

नाना वर आले. त्यांनी पिशवी पेटाऱ्यात ठेवली, हात धुतले, पाय धुतले. मग बैठकीवर बसून यादी पुढे ओढली आणि रकान्यात लिहिले: मृतांची राख ठेवण्यासाठी. लिहिताना ते एकेक अक्षर मनात म्हणत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी ते वाचून दाखवले तेव्हा आत्याच्या हातातली वात खाली पडली. पितृपक्ष चालू होता, हे विसरून चालणार नाही. “बहुत अच्छा,” ती म्हणाली, “घरोघर लोक पितरांना जेवू घालतायत, आणि तुमच्या सरकारने मसणातलं सामान आपल्या घरात ठेवायला दिलं.” मग जरा थांबून, स्वतःशीच बोलावे तशी ती म्हणाली, की नक्षी आतून का आहे ते आता कळले. आत जो आहे त्याने बघायची म्हणून ती आत.

ते ऐकून मी नंदूकडे पाहिले. तो आईच्या मांडीवर स्वतःची मूठ चोखत होता. त्याने ते घोडे पाहिले होते. मी गॅलरीत जाऊन ती पिशवी शोधली, जिच्यात मी त्याला ठेवले होते, आणि तिच्या शिवणीत बोट घातले. बोटाला करडे काहीतरी लागले. ती धूळ असेल. आज मला वाटते, ती इंदूरच्या रस्त्याची साधी धूळच होती. त्या दिवशी मी ते बोट विसळले, घासले, आणि तरीही जेवताना त्या हाताने घास उचलू शकले नाही.

राख किती ठिकाणी असते हे तोवर मला ठाऊक नव्हते. आमची मोलकरीण भांडी राखेने घाशी. आत्या राखुंडीने दात घासायला लावी. चुलीत राख, धुपाटण्यात राख, उदबत्तीखाली तिची सुबक वाकडी काडी. रविवारी गोवऱ्यांच्या राखेतून बाफले निघाले, नानांनी ते एकेक फडक्याने झटकले, तुपात बुडवले आणि माझ्या ताटात ठेवले. मी पाहिले, एका भेगेत करडी रेघ राहिली होती. आजारी नाही, काही नाही, मग हिला काय झाले, असे आत्या विचारत राहिली आणि शेवटी तिने माझी दृष्ट काढली. ओवाळून टाकलेल्या मिठाचे आणि मोहऱ्यांचे निखाऱ्यावर काय झाले ते पाहायचे धैर्य मला झाले नाही.

त्याच आठवड्यात नंदूला ताप आला. आधी नाक, मग खोकला, मग एका सकाळी त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. लहानग्याच्या श्वासाचा आवाज घरभर ऐकू येणे, यासारखे भयंकर दुसरे काही मी नंतरच्या आयुष्यात ऐकलेले नाही. दर श्वासाला त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाई. शेजारीण म्हणाली, पसली चल रही है. आत्या म्हणाली, डबा झालाय, छाती भरलीय पोराची. नानांनी टांगा करून डॉक्टरांना आणले. त्यांनी गोळी दिली, तिची पूड मधातून चाटवायची होती. आणि जाताना बजावले, की याला आडवा ठेवू नका, उभा धरा, डोके वर राहू द्या. तेव्हापासून आई त्याला खांद्याशी उभा धरून बसली. एक दिवस, दोन दिवस. आत्याने घेतले तर तो कळवळे, नानांनी घेतले तर निळा पडे. जरा डोळा लागला म्हणून आईने त्याला मांडीवर तिरका केला की घुसमटून जागा होई आणि पुन्हा ते सुरू. ओव्याच्या पुरचुंडीने शेकता शेकता आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटी तेव्हा मला वाटे, ही आता पडेल. आत्याने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. मी तो पाहिला आणि मोरीत जाऊन ओकले.

आत्याच्या हट्टाने पेटारा गॅलरीत गेला. पिशव्या घरात आल्या आणि पोर पडले, असे ती उघड म्हणू लागली, आणि नाना, जे असल्या गोष्टी हसून उडवीत, ते गप्प राहू लागले. आई तर बोलतच नव्हती. त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते ते मला एकटीला माहीत होते: पिशव्या नुसत्या घरात आल्या नव्हत्या, मी त्याला त्यांच्यात घातले होते. जिवंत असताना घातले होते. ती जागा त्याला मोजून केल्यासारखी बसली होती. ही गोष्ट आता मला एखाद्या मापासारखी आठवू लागली. मी सांगितले तर तो मरेल असे वाटे, आणि नाही सांगितले तरी.

तिसऱ्या दुपारी मी ती पिशवी परकराखाली लपवून जिना उतरले. नाना औषधाला गेले होते, आत्या शेजारच्या श्राद्धाला. समोर जेवणाची सुटी झाली होती. थावरी लिंबाखाली बसून मक्याची रोटी मिरचीशी खात होती आणि तिची मुलगी शेजारी झोळीत झोपली होती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि जे विचारायला तीन दिवस शब्द जुळवत होते ते एका दमात विचारले, “इसमें जिंदा बच्चा रखा तो मर जाता है?”

तिला समजले नाही. मी पुन्हा विचारले. या वेळी राखेबद्दलही विचारले, मसणाबद्दल, आमच्या नंदूबद्दल. बोलता बोलता मी रडत असावे, कारण तिने रोटी खाली ठेवली. मग तिचे डोळे मोठे झाले आणि ती हसली. वाईट नाही हसली. वाट चुकलेले वासरू भलत्याच दारात उभे दिसले की बायका हसतात तशी हसली.

“म्हने तो कियो थो, राख. संभाली ने घर में राख. कोई के मत दीजे.”

मी तिच्याकडे पाहत राहिले. राख. ठेव. सांभाळ. नानांनी विचारले होते, यात काय ठेवतात, आणि तिने त्याचे उत्तर दिलेच नव्हते. तिने त्यांना विनवले होते, की ही देऊन टाकू नकोस. हा शब्द काही परका नव्हता. आमच्या मराठीतही शेत राखतात, मान राखतात, मर्जी राखतात. आणि ज्या माणसाने, त्याच्या बापाने आणि आजाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू राखण्याशिवाय काही केले नाही, त्यालाच तो ऐकू आला नाही. पितृपक्षात माणसाला एकच राख ऐकू येते.

मग ही आहे कशासाठी, असे मी विचारले. थावरीने मान हलवली. “म्हने कंई मालम. दादी के घर एक थी. खूंटी पे टंगी रेती. कोई कंई नी धरतो, कोई उतारतो बी नी.” एवढेच. आजीकडे ती खुंटीला असे, तिच्यात कुणी काही ठेवीत नसे, याहून जास्त तिलाही ठाऊक नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी एका संग्रहालयात काचेआड तशीच एक पिशवी मी पाहिली; खालच्या चिठ्ठीवर लिहिले होते, उपयोग अनिश्चित. नक्षी दिसावी म्हणून त्यांनी तिला उलटी करून टांगली होती.

पण मला हवे होते ते उत्तर अजून मिळाले नव्हते, आणि थावरीने ते माझ्या तोंडावर वाचले असावे. ती उठली. झोळीतून तिने आपली झोपलेली मुलगी उचलली, पिशवीचे तोंड उघडून तिला हलकेच आत सोडले आणि पट्टा स्वतःच्या खांद्यावर चढवला. मूल जागे झाले नाही. नुसते त्याचे डोके एका बाजूला कलले आणि कवड्यांवर टेकले. थावरी माझ्यापुढे तशी उभी राहिली, मी पुरते पाहून घेईपर्यंत. मागून मिस्त्री ओरडला, चूनो सूखी रियो है, थारो दरबार बाद में लगाजे. तिने मुलीला परत झोळीत ठेवले आणि पिशवी माझ्या हातांत दिली.

नंदू जगला, हे इथेच सांगून टाकते. तो आता इंदूरबाहेर राऊ गावाकडे राहतो, नातवंडांवर ओरडतो आणि थंडीत त्याला खोकला होतो. माझ्याकडून सगळे कळल्यावर नानांनी यादी ग्वाल्हेरला जायच्या आत रकान्यातली ती ओळ खोडली आणि तिच्या जागी एकच शब्द लिहिला: राखण्यासाठी. साहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली नाही. त्यांना तो बहुधा पुरेसा सरकारी वाटला असावा. पण हे सगळे नंतरचे. त्या दुपारी जिना चढताना मला यातले काहीच माहीत नव्हते. राखेची भीती गेली होती आणि तिच्या जागी काहीच आले नव्हते. वरून त्याचा श्वास तसाच ऐकू येत होता, पायरीगणिक मोठा होत. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी पिशवी खांद्यावर घेतली होती. मी उंबऱ्याशी आले.

आई भिंतीला टेकून बसली होती. नंदू तिच्या खांद्याशी उभा, तोंड उघडे, डोळे अर्धे. तिचे केस सुटलेले होते, पदराला मधाचे डाग, आणि डोळ्यांखाली बोटाने काजळ फासावे तशी वर्तुळे. घरात दुसरे कुणी नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, मग पिशवीकडे. मला वाटले, आत्ता ती किंचाळेल. मी म्हटले, “आई, मी नंदूला हिच्यात ठेवलं होतं. आजारी पडायच्या आधी. तू न्हात होतीस तेव्हा. असं खांद्याला लावून फिरवलं मी त्याला.” पुढे चुकलं म्हणायचे होते, ते राहिले. मी तशीच उभी राहिले, पट्ट्याला दोन्ही हातांनी धरून, आणि काय येईल त्याची वाट पाहू लागले.

आईची नजर माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यावरून खाली पिशवीच्या तोंडापर्यंत गेली. मग तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द निघाला, घोगरा, अर्धा हवेचा.

“झोपला?”